भावाची मांडी

भासऱ्याचं नातं म्हणजे मोठं विचित्र प्रकरण. एका छपराखाली राहायचं, त्याची भाकर थापायची, त्याचे तेलकट कपडे आपटून धुवायचे, पण त्याच्या डोळ्यांसमोर यायचं नाही. त्याच्याशी बोलायचं नाही. हात लागणं तर सोडाच, त्याच्या अंथरुणाला पाय लागला तरी डोक्यावरून आंघोळ. कुणी घालून दिलं हे, देव जाणे. साकोलीकडच्या त्या गावात ते होतं, आणि गाव सोडून भिलाईला आलेल्या माणसांनी बैल विकले, नांगर शेजाऱ्याला दिला, पण हे मात्र गाठोड्यात बांधून बरोबर आणलं.

कौशल्या ही नरहरीची बायको. नरहरीचा थोरला भाऊ शेषराव, तो तिचा भासरा. शेषराव आधी आला, पोलाद कारखान्याचे नुसते खड्डे खणले जात होते तेव्हा. खलाशांच्या टोळीत लागला. क्रेनच्या हुकाला वायररोप बांधायचा, लोखंडाचे गर्डर वर चढवायचे, असं काम. हात मोडायचं काम, पण टिकला. मग धाकट्याला बोलावून एका फिटरच्या हाताखाली लावून दिलं, आईला आणलं, रुआबांध्याच्या वस्तीत मातीच्या भिंती आणि वर कवेलूचं छप्पर घालून घर उभं केलं. दोन खोल्या आणि पुढं अंगण. एक खोली त्याची आणि त्याच्या बायकोची, सिंधुताईची. दुसरी या दोघांची. म्हातारी अन्नपूर्णाबाई जिथं ऊन असेल तिथं.

शेषराव दारात आला की आधी खोकायचा. घशात काही नसलं तरी खोकायचा, म्हणजे धाकटी सून पदर ओढून आत पळेल. आणि काही हवं असलं की मागायचा ते कौशल्याच्या पोरीच्या नावानं. "रमे, तुह्या मायले सांग, डब्यात आज मिरची जरा कमी टाकजो म्हणा." रमा चार वर्षांची, ती कुठं घरात टिकते? ती बाहेर धुळीत लोळत असायची आणि हा आपला भिंतीला सांगत असायचा. इकडून कौशल्याही पाठ करून म्हणायची, "रमे, मोठ्या बाबाले सांग, मिरची नाही, मिरे होते ते." शेजारचे भैय्याजी सायकल पुसता पुसता हसायचे. "अरे शेषराव, बिटिया तो मेरे आँगन में खेल रही है! बात किससे हो रही है?" शेषराव लाजून पुन्हा खोकायचा.

हसू नका. अशा माणसावरही जीव लागतो. रमाला तापात पहिल्यांदा फिट आली, डोळे फिरले, तोंडाला फेस आला, तेव्हा नरहरी होता कामावर. अन्नपूर्णाबाई कांदा शोधत फिरत होती. शेषरावनं पोर उचलून खांद्यावर टाकली आणि अनवाणी दवाखान्याकडं धावत सुटला. कौशल्या त्याच्या मागं, तरीही अंतर राखून. दवाखान्यातली सिस्टर केरळची. तिनं पोर कुशीवर वळवली, हनुवटी वर उचलली, आणि पोरीनं खोल श्वास ओढला. मग त्या सिस्टरनं तिचा हात धरून तिला शिकवलं. आपल्या तोडक्यामोडक्या हिंदीत म्हणाली, "मुँह में कुछ नहीं डालना. पानी नहीं, चम्मच नहीं. जीभ पीछे गिरता है. घर्र-घर्र आवाज आया, मतलब रास्ता बंद होता है. ठोड़ी ऊपर करो. यहाँ, कान के नीचे से, ऐसा." कौशल्याची बोटं पोरीच्या जबड्याच्या कोपऱ्यात नीट बसेपर्यंत बाईनं तिला सोडलं नाही.

त्यानंतर रमाला अजून कितीदा तरी फिट आली आणि प्रत्येक वेळी कौशल्याच्या बोटांनी ते काम केलं. भासऱ्यानं माझं लेकरू वाचवलं, हे ती मनातल्या मनात रोज म्हणायची. त्याला सांगायची मात्र सोय नव्हती.

त्या साली थंडी अशी पडली की नळाचं पाणी सकाळी हाताला चावायचं. शेषरावची रातपाळी चालू होती. सिंधुताई माहेरी गेलेली, तिच्या भावाचं लग्न. नरहरी पहिल्या पाळीला बाहेर पडला आणि थोड्या वेळानं शेषराव घरी आला, कुडकुडत, ओठ निळे. आईला म्हणाला, "माय, शेगडी अंदर ठेव वं. हाडं गोठून गेले आज."

आता ही शेगडी. गावाकडं माणूस शेकायचा लाकडावर, गोवऱ्यांवर, आणि घरं अशी की कुडाच्या भोकातून मांजर ये-जा करेल. इथं दगडी कोळसा. रुळाच्या कडेला पडलेला बाया टोपलीत वेचून आणायच्या. सगळ्या वस्तीला एक गोष्ट पक्की ठाऊक होती: शेगडी अंगणात पेटवायची, धूर जाऊ द्यायचा, निखारे लाल झाले की मग घरात घ्यायची. धूर नाही तर भीती नाही. भट्टीवरच्या गॅसला ही माणसं वचकून असायची, त्यानं माणूस उभ्या उभ्या पडतो हे ऐकून होती. तोच गॅस आपल्या घरच्या शेगडीतून निघत असेल, असं कुणाच्या मनात यावं? म्हातारीनं लाल निखाऱ्यांची शेगडी खाटेच्या पायथ्याशी ठेवली. रातपाळीच्या माणसाला दिवसा अंधार लागतो, म्हणून खिडकी पोत्यानं बुजवलेलीच होती. तिनं दार ओढून घेतलं. मायेनंच ओढलं.

ऊन अंगणात आलं तशी म्हातारी भिंतीला पाठ लावून तांदूळ निवडायला बसली. रमा भैय्याजींच्या घरी. कौशल्या भांडी घासत होती. आतून घोरणं ऐकू येऊ लागलं.

"कसा घोरून राहिला माहा शेषू," म्हातारी कौतुकानं म्हणाली. "दमते बिचारा."

कौशल्याचा हात थांबला. सहा वर्षांत भासऱ्याचं घोरणं तिनं किती ऐकलं होतं. ते कसं, वाजून संपायचं, पुन्हा वाजायचं. हे तसं नव्हतं. हे ओलं होतं, अडकत होतं, मध्येच तुटत होतं. रमाच्या फिटमधलं होतं हे.

"आत्याबाई, जरा दार उघडून पाहा न त्याइले."

"कायले? झोपू दे."

"आवाज बरोबर नाही तो."

"अवो, घोरते म्हणजे जीव भरून झोपला हाये. तुले कावून इतकी फिकीर?" म्हातारीनं तिच्याकडं असं पाहिलं की कौशल्याला मान खाली घालावी लागली. भासऱ्याच्या झोपेची चौकशी करणारी सून! लोक शेण घालतील तोंडात.

ती पुन्हा भांड्यांकडं वळली. मुद्दाम परात आपटली. पाण्याचा पितळी गुंड दगडावर आदळला. मेलेला माणूस उठला असता एवढा आवाज केला, म्हातारी करवादली. आत खोकला नाही, कूस बदलणं नाही. आणि मग घोरणं थांबलं.

तिनं वाट पाहिली. पुन्हा सुरू होईल. होईलच. नाही झालं.

कौशल्या राखेच्या हातांनी उठली आणि दार ढकलून आत गेली. त्या खोलीत तो असताना ती पहिल्यांदाच पाऊल टाकत होती. आत ऊब होती, कोंदट, डोकं जड करणारी. शेषराव उताणा, डोक्याखाली गोधडीची जाड गुंडाळी, हनुवटी छातीत रुतलेली. गाल लालसर, छाती मात्र रिकामीच वरखाली होत होती, आत वारा जातच नव्हता. तिनं डोक्याखालची गुंडाळी ओढून फेकली आणि दोन्ही हातांनी त्याचा जबडा पकडला. कानाखालून, वर, पुढं. फुर्र करून हवा आत गेली.

"आत्याबाई! पाय धरा यांचे! बाहेर घ्या, बाहेर!"

म्हातारी दारात आली आणि दृश्य पाहून तिनं तोंडावर हात मारला. "अवो माय! काय केलं वं तू! भासरा हाये तो तुहा!"

"मरून राहिले ते! पाय धरा!"

त्या आवाजापुढं म्हातारी वाकली. दोघींनी त्याला गोधडीवर घेऊन अंगणात फरफटत आणलं. कौशल्याचं स्वतःचं डोकं गरगरत होतं, पण उन्हात आल्यावर तिनं गुडघे टेकले, त्याचं डोकं दोन गुडघ्यांच्या मध्ये जमिनीवर सरळ ठेवलं आणि पुन्हा जबडा उचलून धरला. श्वास यायला लागला. हळू, पण यायला लागला. पदर केव्हाच खांद्यावर पडला होता. तेव्हा तिनं भासऱ्याचा चेहरा नीट पाहिला. नरहरीसारखंच नाक होतं. उजव्या भिवईत जुनी खोक होती, ती तिला माहीतच नव्हती.

भैय्याजी कुंपणावरून डोकावले आणि सायकल घेऊनच धावले. "नरहरीले सांगा! गाडी आणा!" ती ओरडली. सहा वर्षांत त्या माणसानं तिचा आवाज भिंतीपलीकडून तेवढा ऐकला होता. "अभी लाया, बहू, अभी लाया," म्हणत त्यांनी टांग मारली.

गर्दी काय, तिला बोलवावं लागत नाही. बाया आल्या, रातपाळीची उठवलेली माणसं आली, आणि सगळ्यात पुढं धोंडबा. धोंडबा त्यांच्याच गावचा. लग्न असो, मयत असो, काय करायचं ते धोंडबाला विचारून. कुणी कांदा फोडून आणला, कुणी चामड्याचा जोडा नाकाशी धरला. धोंडबानं कौशल्याच्या हातांकडं पाहिलं.

"बाई, नरडं कावून धरलं त्याचं?"

"नरडं नाही, हनुवटी धरली. सोडली तर श्वास बंद होते."

"सोड. परक्या पुरुषाचं... शोभते का? त्याची माय हाये न इथं. अन्नपूर्णाबाई, गंगाजल असन घरात, तुळस घ्या. तोंडात दोन थेंब टाका पोराच्या, वेळ काही सांगून येत नाही."

म्हातारी लोटी घेऊन आली. कौशल्यानं कोपरानं लोटी उडवली. गंगाजल मातीत गेलं. बायांनी हाय हाय केलं. आणि त्या एका धक्क्यात तिचा हात सुटला तर शेषरावचा श्वास घर्र करून थांबला. सगळ्यांनी ऐकलं. तिनं जबडा पुन्हा उचलला, श्वास पुन्हा आला. हेही सगळ्यांनी पाहिलं. म्हातारीनं तर डोळे फाडून पाहिलं.

"धर," म्हातारी म्हणाली. "धर वं माय, धर. सोडू नोको." आणि धोंडबाकडं वळून म्हणाली, "कोणी बोलू नका तिले."

त्या वेळी कौशल्याला वाटलं की आता हे जमतंय. खरंच वाटलं. शेषरावला उमासा आला तसं तिनं त्याला कुशीवर वळवलं, बोटाला पदर गुंडाळून त्याच्या तोंडातलं सगळं काढलं. भासऱ्याच्या तोंडात बोटं घातली! बाया एकमेकींकडं बघत राहिल्या, तिला त्याचं काही नव्हतं. पुन्हा हनुवटी. पुन्हा श्वास. दंड भरून आले, बोटांना मुंग्या आल्या, पाठीत कळ उठली. ती त्याच्या कानाशी वाकली. काय बोलावं? भासऱ्याशी बोलायची भाषाच तिच्याजवळ नव्हती.

"रमे," ती म्हणाली, "मोठ्या बाबाले सांग, श्वास घ्या म्हणा. सोडू नका म्हणा. रमे, सांग न वं त्याइले."

रमा तिथं नव्हती. शेषरावच्या पापण्या हलल्या. घशातून एक बारीक कण्ह आला. म्हातारीनं तो ऐकला आणि पोराचे पाय उराशी धरून रडायला लागली, आणि कौशल्याही हसत हसत रडली. आपलं ऋण फिटतंय, असं तिला वाटलं.

मग गाडी आली. कुणा ठेकेदाराचा ट्रक, गिट्टी वाहणारा. भैय्याजींनी रस्त्यात आडवं उभं राहून थांबवलेला. फाळक्याला धरून नरहरी उभा. त्यानं खाली उडी मारली, भावाला पाहिलं, आणि उघड्या डोक्याच्या बायकोच्या हातात भावाचं तोंड पाहिलं. सगळी वस्ती बघत होती. त्याचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला.

"आला त्याचा भाऊ," धोंडबाला पुन्हा वाचा फुटली. "आता त्याच्या हाती दे, बाई. झालं तेवढं पुरे."

चार माणसांनी शेषरावला उचललं. वर चढवेपर्यंत कौशल्यानं हनुवटी सोडली नाही. त्यांच्याबरोबर वाकडी होत, ठेचा खात, फाळक्यापर्यंत गेली. वर ठेवल्यावर ती चाकावर पाय देऊन चढू लागली.

"तू कुठं?" नरहरी म्हणाला.

"मी धरतो त्याइले. दवाखान्यापर्यंत."

"बाईमानूस मानसाइच्या गाडीत? तू थांब. मी हाये."

"मग ऐका. ऐका न माहं! कुशीवर ठेवा. डोक्याखाली काही घेऊ नका. हे असं, कानाखालून, वर." तिनं त्याचा हात ओढून भावाच्या जबड्याखाली घातला. "असंच धरून ठेवा. घोरले की समजा, रस्ता बंद होऊन राहिला."

"हो, हो," नरहरी म्हणाला. तो ऐकत होता का? डोळ्यांतून पाणी वाहत होतं त्याच्या. बाप गेल्यावर ज्यानं त्याला वाढवलं, ज्यानं आपल्या वाटची जमीन गहाण टाकून त्याचं लग्न लावलं, तो भाऊ उघड्या पत्र्यावर, गिट्टीच्या चुऱ्यात, डोकं टेकून पडलेला. कुणाला बघवेल? धोंडबा वर चढता चढता म्हणाला, "अरे, मांडी दे त्याले. भावाची मांडी हाये तोवर दगडावर डोकं कावून?"

मांडी देणं. आपल्याकडं माणसाची शेवटची माया म्हणजे तीच. ज्याला मांडी मिळाली तो भाग्याचा. ज्याचं डोकं भुईवर राहिलं त्याचं कुणी नव्हतं असं लोक म्हणतात. नरहरी मांडी घालून बसला आणि त्यानं भावाचं डोकं उचलून मांडीवर घेतलं, उंच, घट्ट, पोटाशी. दोन्ही हातांनी कवटाळलं. शेषरावची हनुवटी पुन्हा छातीत रुतली.

ट्रक सुरू झाला तेव्हा कौशल्याला ते दिसलं.

"मान!" ती ओरडली. "मान वाकली! मांडी काढा! अहो, मांडी काढा!"

इंजिनाच्या घरघरीत काय ऐकू येणार? ती मागं धावली. धूळ नाकातोंडात गेली. रस्त्याला लागेपर्यंत धावली, पडली, उठून पुन्हा धावली. नरहरीनं मागं वळून पाहिलं. त्याला वाटलं, बायको रडतेय. त्यानं एक हात उचलून तिला खूण केली: जा घरी, मी हाये न. मग तो हात पुन्हा भावाच्या कपाळावर ठेवला आणि प्रेमानं कुरवाळू लागला.

दवाखाना काही सातासमुद्रापार नव्हता. पण जीव जायला तेवढं अंतर पुष्कळ होतं.

दुपार कलायच्या आत शेषरावला परत आणलं. सिंधुताईला निरोप गेला. ती पोचेपर्यंत ठेवलं, आणि मग जे असतं ते सगळं झालं. तिचं रडणं ऐकून झाडावरचे कावळे उडाले. येणारा जाणारा प्रत्येकजण नरहरीच्या पाठीवर हात ठेवून एकच बोलायचा, "भावाच्या मांडीवर गेला रे. नशीब काढलं. वनवासात जाते मानूस, कोणी नसते जवळ." धोंडबानं तर दहा जणांना दहा वेळा सांगितलं, "कसा शांत गेला. घोरून राहिला होता, मांडीवर घेतला न, हळूहळू घोरणं थांबलं. समाधान झालं जिवाचं."

कौशल्या चुलीपाशी बसून ऐकत होती. तिला वाटत होतं, उठावं आणि त्या धोंडबाच्या तोंडात जळकं लाकूड कोंबावं. तिला वाटत होतं, ओरडून सांगावं. पण कुणाला सांगावं आणि कशासाठी? भासरा परत येणार होता का? ती भाकरी भाजत राहिली. शेजाऱ्यांकडून आलेला पिठलं-भात पुरला नाही, तेव्हा आल्यागेल्यांसाठीही तिनंच थापल्या.

अस्थी सावडून आल्यावर, उन्हं अंगणात असतानाच, नरहरी आतल्या खोलीत आला. दोन दिवस तो कुणाशी बोलला नव्हता. अन्नाचा कण पोटात नव्हता. तो कौशल्याच्या समोर भिंतीला टेकून बसला आणि आपल्याच मांडीकडं पाहत राहिला. डोळ्यांत एक भीती होती, ती तिनं पहिल्याच दिवशी पाहिली होती.

"कौशल्या, डॉक्टर एक गोष्ट बोलला."

तिनं हातातलं काम बाजूला ठेवलं.

"त्यानं विचारलं, मान अशी वाकवून कोणं आणलं? म्हणे, जीभ अंदर पडली. म्हणे, हनुवटी वर असती तर... पुढं काही बोलला नाही तो. माह्याकडं पाह्यलं न गप झाला." त्याचा आवाज चिरकला. "तू सांगत होती न मले? कानाखालून धरा म्हणून? मी धरलं नाही. तो दगडावर... मले पाहवलं नाही वं. मी त्याले पोटाशी घेतलं. घोरला तर मले वाटलं झोपला. थांबला तर वाटलं, आराम पडला. कौशल्या, मी मारलं का त्याले? माह्या मांडीनं मारलं का?"

तो तिच्याकडं झुकला आणि तिच्या खांद्यावर डोकं टेकून लहान पोरासारखा रडायला लागला. तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. पाठ हलत होती, थांबत नव्हती. कालच बाजूच्या बायांनी तिला सांगितलं होतं, नरहरी रुळाच्या कडेला जाऊन उभा होता, भैय्याजींनी धरून आणला. आता तिला कळलं, तो तिथं कशाला गेला होता. खरं सांगितलं तर हा उद्याच्या उद्या पुन्हा तिथं जाईल. या वेळी भैय्याजी रातपाळीला असतील.

"नाही," ती म्हणाली. "तुम्ही नाही मारलं."

"मग?"

"गाडीत चढवतानाच गेले ते. माहे हात सुटले. बोटं बधिर झाले होते, हनुवटी सुटली. तेव्हाच गेला जीव. मले कळलं होतं."

तो रडायचा थांबला. "पण गाडीत तर छाती हलून राहिली होती त्याची."

"गाडी हलून राहिली होती."

"घोरत होता तो. मी ऐकलं. धोंडबानं ऐकलं."

"इंजिनाचा आवाज होता. गेलेल्या मानसाले कुठं घोरणं?"

"अन् तू मागं धावत काय ओरडत होती?"

"रडत होती," कौशल्या म्हणाली. "दुसरं काय करणार होती?"

बराच वेळ तो तिच्या खांद्यावरच होता. तिला त्याच्या छातीतला धडधडाट जाणवत होता आणि तो हळूहळू कमी होत होता. मग त्यानं डोकं उचललं. तिच्याकडं पाहिलं, आणि ते पाहणं नवऱ्याचं नव्हतं.

"म्हणजे तुह्या हातून गेला."

"हो."

"अन् तू बोलली नाही. त्या वेळेले बोलली असती तर तोंडात पाणी तरी घातलं असतं कोणं. मायनं आणलेलं गंगाजल तूच सांडवलं."

"हो."

नरहरीनं तिचा हात आपल्या पाठीवरून काढून बाजूला ठेवला. उठला. दारात अन्नपूर्णाबाई उभी होती, केव्हापासून कोण जाणे. ज्या म्हातारीनं सगळ्या गर्दीसमोर 'धर वं माय' म्हटलं होतं, ती सुनेकडं पाहत होती. मग तिनं पदर तोंडाला लावला आणि तोंड फिरवलं.

"माय," नरहरी बाहेर अंगणात तिला सांगत होता, "भाऊ माह्या मांडीवर नाही गेला. माह्याकडं आला तेव्हा गेलाच होता तो." दोन दिवसांत पहिल्यांदाच त्याचा आवाज नीट निघाला. मग त्यानं आईला पाणी मागितलं, आणि थोड्या वेळानं भातही.

भात कौशल्यानंच रांधला होता. म्हातारीनं तो बाजूला सारला आणि शेजारच्या बेबीताईच्या घरून आलेला भात पोराला वाढला. कौशल्या आत भिंतीला टेकून बसली होती. तिकडं कुणी आलं नाही.